बाई नेपाळच्या नाहीत!

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष, जुना बाजार व्यापारी मंडळाचे आधारस्तंभ माननीय वामनरावजी. व्यासपीठावर विराजमान झालेले, आज गणवेशात नसले तरी मिशीवरून लगेच ओळखू येणारे हवालदार माननीय खुशालभाऊ. आपल्या सत्कारमूर्ती यांगचेनबाई. आणि ब्रह्मपुरीच्या या थंडीत शाली-मफलर गुंडाळून आलेल्या माझ्या तमाम बंधू-भगिनींनो, मी मुश्ताक मास्टर, शिलाईवाला, आपणा सर्वांना नम्र अभिवादन करतो.

सर्वप्रथम एक विनंती. माझ्या मागच्या फलकाकडे कोणी निरखून पाहू नका. 'श्रीमती यांगचेन' या शब्दांपुढे जो कोरा कागद चिकटवला आहे ना, त्याच्याखाली छापखान्यानं आडनाव म्हणून 'नेपाळी' छापलं आहे. सकाळी माझी पत्नी सुरय्या हिनं ते पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "फिरून तेच? आता तरी सोडा ना त्या बाईले!" मग डिंक आणला, कागद लावला. कोपरा उचकटला तर कृपया पुढच्या रांगेतल्या कोणीतरी दाबून ठेवावा.

बाहेरगावच्या पाहुण्यांना प्रश्न पडला असेल, की या एका शब्दाचं एवढं काय? तर मंडळी, तोच एक शब्द सांगायला मी उभा आहे. गुन्हा कबूल करायला म्हणा हवं तर. बाजूला हवालदार बसलेच आहेत.

तीस वर्षांपूर्वी, दिवाळी उलटल्यावर, अर्जुनीकडच्या तिबेटी वसाहतीतून एक बाई डोक्यावर स्वेटरांचं मोठं गाठोडं घेऊन आमच्या बाजारात उतरली आणि माझ्या दुकानाच्या ओट्याकडे बोट दाखवून म्हणाली, "चार महिने बसू का जी?" मी म्हटलं, बसा. झाला करार. पुढे त्यांचे यजमान वारले, तेव्हा त्या दुकानामागच्या खोलीत कायमच्या राहायला आल्या. तेव्हाही कागद केला नाही. अलीकडे मला कळलं, की पळून आलेल्या माणसाला परत संकटात ढकलायचं नाही, त्याला कागदपत्र द्यायचे, असा जगातल्या देशांनी एक्कावन्न साली मोठा करार केला आहे, आणि आपल्या देशाची त्यावर सहीच नाही! तरी साठ वर्षं या लोकांना ठेवून घेतलं. मला फार बरं वाटलं हो. म्हणजे सही न करता खोली देणारा मी एकटाच नाही.

अध्यक्षमहाराज, त्या पहिल्या वर्षीच्या अर्जाची गोष्ट सांगू का? नको म्हणतात. म्हणजे सांगायलाच पाहिजे. 'बाहेरचे लोक येऊन आमचा धंदा खातात, सबब ओटा खाली करावा,' असा अर्ज कापड दुकानदारांनी केला होता आणि त्यावर पहिली सही वामनरावजींची होती. अर्ज द्यायला निघाले तो दिवस असा थंडीचा, की जाताना त्यांनी बाईंकडूनच एक लाल मफलर घेतला. गळ्यात मफलर, हातात अर्ज! नगरपालिकेच्या साहेबांनी विचारलं, "मफलर कुठून घेतला?" अर्ज तिथंच संपला. टाळ्या वाजवू नका, ते माझ्याकडे बघून राह्यले आहेत.

निर्वासित आले की आसरा देणाऱ्या देशावर काय परिणाम होतो, हे विद्वान लोक सांगतील. जुन्या बाजारावर झालेला परिणाम मी सांगतो. बाई येण्याआधी आमचा हिवाळा म्हणजे डोक्याला दुपट्टा आणि दारात भुशाची शेकोटी. बाई आल्या, घरोघरी स्वेटर झाले, स्वेटरांच्या चेनी बिघडल्या आणि माझा धंदा वाढला. माझ्या घरात मीठ घातलेला चहा सुरू झाला. पहिल्यांदा प्यालो तेव्हा वाटलं, सुरय्या कशावरून तरी रागावली आहे. दोन दिवस मी उगाच माफी मागत होतो. आणि खरेपणा किती! कोणी विचारलं, "ही हिमालयातली लोकर हाये ना?" तर म्हणणार, "नाई जी, लुधियानाची हाये. हिमालयात दुकान नाई आपलं."

आणि या बाईंना आम्ही काय म्हणत होतो? नेपाळी बाई. त्या बसत तो नेपाळी बाजार, तो माल नेपाळी स्वेटर. आम्हाला त्यांचं नावही ठाऊक नव्हतं. प्रेम मात्र होतं, हे मी शपथेवर सांगतो.

आता मुख्य मुद्दा. सुरय्या घड्याळ दाखवून राह्यली आहे, पण मुद्दा राहायला नको.

बाईंची मुलगी बेल्जियममध्ये नर्स आहे. तीन वर्षांपूर्वी तिचा फोन आला: दिवस गेले आहेत, आई, तू ये. बाईंनी त्याच संध्याकाळी आकाशी रंगाची लोकर काढून माझ्या ओट्यावर बसून स्वेटर विणायला घेतला. तळहाताएवढा स्वेटर. जन्मभर लोकांना लुधियानाचे विकले, हा पहिला स्वतःच्या हातचा. आणि प्रवासासाठी अर्ज केला. यांना आपल्यासारखा पासपोर्ट मिळत नाही, एक पिवळं पुस्तक मिळतं. पासपोर्टाचा सावत्र भाऊ म्हणा. त्यासाठी चौकशी होते.

चौकशीला आले खुशालभाऊ. मला विचारलं, "मास्टर, ही बाई कोण? कुठली?" मी छाती पुढे काढली. म्हटलं, "लिहा साहेब. पक्क्या नेपाळी. पंचवीस-तीस वर्षांपासून नेपाळी. अख्ख्या बाजाराले विचारा!" त्यांनी अख्ख्या बाजाराला विचारलं. अख्खा बाजार म्हणाला, नेपाळी. वर मी माझ्या दुकानाच्या कागदावर तसं लिहूनही दिलं, शिक्क्यासकट.

चार महिन्यांनी उत्तर आलं. अर्जात तिबेटी, चौकशीत नेपाळी. आधी नेपाळचे कागद आणा. ज्या बाईला तीन वर्षांची असताना बापाच्या पाठीवर बसून देश सोडावा लागला, तिला आम्ही फुकटात एक देश मिळवून दिला, तोही भलताच. तिकडे नातू झाला. फोनवर त्याचं रडणं ऐकलं बाईंनी.

मी तोंड लपवून गेलो. म्हटलं, बाई, इतकी वर्षं बोलला काऊन नाई? तर म्हणतात, "पह्यल्याच वर्षी सांगतलं होतं जी. तुमी म्हणले, तिबेट म्हणजे नेपाळातच ना? गिऱ्हाईक उभं होतं, मंग म्या सोडून देल्लं." आणि हसल्या. हसता हसता त्यांनी तो तळहाताएवढा स्वेटर उसवायला घेतला. पोरगं वाढत होतं, मापही वाढवायला पाहिजे. मंडळी, आयुष्यभर मी दुसऱ्यांचे कपडे उसवले, पण तो धागा निघताना मला बघवेना.

पुन्हा अर्ज केला, पुन्हा खुशालभाऊ आले. आता सगळा बाजार शरमलेला. नेपाळी हा शब्द कोणाच्या तोंडी नाही. मग काय म्हणायचं? रंभाबाई, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला मासोळ्या विकणाऱ्या आमच्या रंभाबाई, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "कुठली म्हणजे? इथलीच हाये! आमची हाये!" सुरय्या म्हणाली, आमची. वामनरावजी म्हणाले, आमच्या बाजाराच्या. मी तर म्हटलं, घरच्याच आहेत. आणि खुशालभाऊ हा प्रामाणिक माणूस. जे ऐकलं ते लिहिलं: 'सदर महिला स्थानिक असल्याचे सर्वांचे म्हणणे.'

उत्तर आलं. स्थानिक असेल तर निर्वासितांचं पुस्तक कशाला मागते?

घ्या! आधी भलत्या देशाची केली म्हणून अडली, मग आपली केली म्हणून अडली. नातू तिकडे पाऊल टाकायला लागला. स्वेटर दुसऱ्यांदा उसवला. या वेळी बाह्यांना लोकर पुरेना आणि तो रंग बाजारात मिळेना. रंभाबाईंनी विचारलं, "जाळ्याचा दोरा चालते का?" शेवटी आमचे अध्यक्ष घरी गेले आणि तो लाल मफलर आणून दिला. अंग आकाशी, बाह्या लाल. वामनरावजी, मान खाली घालू नका, हे कौतुक आहे.

मग मी दुकानात सभा घेतली. म्हटलं, तिसरी वेळ आहे, चुकू नका. विचारलं तर एकच सांगायचं: बाई तिबेटच्या, निर्वासित, इथल्या नाहीत. सगळ्यांकडून तीनतीनदा वदवून घेतलं. रंभाबाई काही ऐकेनात. "निर्वासित कायले म्हणू? असं तोंडावर कोणाले म्हणते का? माह्या सुनेच्या बाळंतपणात पंधरा दिवस हिनं रांधून देल्लं. आन मी म्हणू, आमची नाई?"

तेव्हा यांगचेनबाई स्वतः उठल्या, रंभाबाईंच्या पुढ्यात बसल्या आणि म्हणाल्या, "म्हण ना बाई. मी निर्वासितच आहो. त्याची लाज नाई मले, त्याच कागदावर जगली आतापर्यंत. तुमी आपली म्हणता, गोड वाटते. पण कागदाले गोड चालत नाई. माह्या नातवाले मले एकदा पाहू दे."

खुशालभाऊ तिसऱ्यांदा आले. आम्ही सगळ्यांनी धडा म्हणून दाखवला. रंभाबाईंची पाळी आली. टोपलीकडे बघत त्या ओरडल्या, "निर्वासित हाये! आमची कोणी नाई! लिहा एकदाचं!" आणि मासोळ्या तशाच टाकून घरी निघून गेल्या. दोन दिवस बाजारात आल्या नाहीत. माणसाचं रक्षण करायचं, तर आधी त्याला परकं म्हणावं लागतं, हा नियम ज्यानं केला त्यानं रंभाबाईंचा चेहरा पाहायला हवा होता. मला रडू आलं होतं, सांगून टाकतो.

पुस्तक आलं. पिवळंधमक. व्हिसाही झाला. उद्या सकाळी बाई नागपूरला जातील आणि तिथून पुढे विमानानं नातवाकडे. तो आता अडीच वर्षांचा आहे. स्वेटर तीन वर्षांच्या मापाचा विणलाय, कारण बाईंचा आता कोणत्याही तारखेवर विश्वास राहिलेला नाही.

आता मला शेवटचं एक वाक्य बोलायचं आहे, पण त्याला अडचण आहे. खुशालभाऊ, हात जोडून विनंती करतो, दोन मिनिटं बाहेर जाऊन चहा घेऊन या. नाही, खरंच जा. तुम्ही ऐकलेलं सगळं लिहिता. ...गेले? दार लोटा.

मंडळी, यांगचेनबाई आमच्या आहेत. आम्ही चौकशीत खोटं बोललो. निर्वासित आहेत ते खरं, तिबेटच्या आहेत ते खरं; आमच्या कोणी नाहीत, ते साफ खोटं. रंभाबाई, काय म्हणता? जोरात म्हणा. "आता बरं वाटलं" म्हणतात. मलाही.

अध्यक्षांनी बोलायची संधी दिली, तुम्ही थंडीत बसून ऐकलंत, सुरय्यानं घड्याळ खाली ठेवलं, सगळ्यांचा ऋणी आहे. भाषणात काही कमीजास्त शिवलं गेलं असेल तर सैल करून घ्या. आणि बाई, तीस वर्षं भलत्याच देशाच्या नावानं हाक मारली, तरी तुम्ही दर वेळी ओ दिलीत. त्याची माफी मी या सभागृहासमोर मागतो.

काल बाई खोलीची किल्ली द्यायला आल्या होत्या. मी घेतली नाही. त्यांच्या पुस्तकात मागच्या पानावर एक शिक्का आहे, तो त्यांनी मला दाखवला. इंग्रजी माझं कच्चं, म्हणून विचारलं, हे काय? म्हणाल्या, "वापस यायची परवानगी हाये जी." आपल्याकडे निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. बाईंना तो शब्द सरकारनं शिक्का मारून दिला आहे. तेव्हा उद्यापासून कोणीही चौकशीला आलं, की बाई कुठं आहेत, तर आता तरी चुकू नका, सगळ्यांनी एकच सांगायचं: लेकीकडे गेल्या आहेत, येतात.

खुशालभाऊ, या आत. हे शेवटचं लिहून घ्या.