शंकेच्या पेशी

मंडळी, ऐका! ज्याचं भलं व्हावं म्हणून जीव तळमळतो, त्याचंच वाईट आपल्या हातून होऊ शकतं का? — थांबा, माना हलवू नका! आधी गोष्ट ऐका.

चारुशीला पुण्यात प्रयोगशाळेत. धाकटा भाऊ दिगंबर सांगलीला, हळदीच्या वखारीत. धूळ उडाली, की याच्या छातीत शिट्टी, हातात औषधाचा पंप! शरीर धुळीलाच शत्रू समजतं, श्वासनळ्या सुजतात — हा ॲलर्जीचा दमा. आणि ताईचं काम काय? तसाच दमा जडवलेल्या उंदरांना मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, टोचायच्या — सूज शांत करतात का ते बघायला — आणि मग त्यांच्या फुफ्फुसातल्या सूज आणणाऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या.

तिथला नियम कडक! काचपट्टीवर नुसता आकडा. कुठल्या उंदराला मूळपेशी दिल्या, हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. पण पिंजरे कोण बघायचं? चारुशीलाच! कोण धापा टाकतो, कोण निवांत झोपतो — सगळं पाठ! पिंजऱ्यावरही तोच आकडा — दिसला, की उंदीर ओळखला! निवांत झोपणारा म्हणजे टोचलेलाच, हे मनात पक्कं!

पट्टीवर रंग घातला, तरी काही पेशी धड रंगत नाहीत हो. धरायच्या की सोडायच्या? टोचलेल्या उंदराची पट्टी — “ही सुजेची नसेल, सोडूया.” न टोचलेल्याची — “ही असणारच, धरूया.” खोटेपणा केला का? नाही! तिला स्वतःलाही कळलं नाही! आणि सूज आली निम्म्यावर! लगेच फोन — “दिगू, जमतंय रे!”

पुढच्या आठवड्यात त्याच पट्ट्या प्रयोगशाळेतल्याच फर्नांडिसबाईंनी मोजल्या. या बाईंनी पिंजरे कधी पाहिलेच नव्हते. सूज कमी — पण जेमतेम दहाव्या हिश्श्यानं! चारुशीला चिडली. “परत मोजा!” परत मोजलं. तेवढंच!

तेवढ्यात सांगलीहून फोन. “ताई... पंप बंद केलाय... आठ दिवस झाले. तुझं औषध... येणार ना?”

आता काय सांगायचं? आशा मोडायची? की गप्प बसायचं? श्वास तर तिकडे अडलाय!

“दिगू, माझं मोजणं चुकलं. तू बरा व्हायला हवा होतास ना, म्हणून चुकलं. पंप घे आधी!”

“आगं, वखारीत सगळ्यांना... पेढे वाटले की गं मी!”

“वाटले तर वाटले! पंप कुठाय?”

शिट्टी. नुसती शिट्टी. मग — फुस्स! थोडं थांबून, परत — फुस्स! शिट्टी मंदावली, तसं त्यानं विचारलं, “मग आता कोण मोजणार?”

“जी तुझी बहीण नाही, ती.”

हसलात? हसा! पण घरी हवीहवीशी बातमी आली, की तुम्ही ती कुणाकडून तपासून घेता? ज्याला ती हवी असते, त्याच्याकडूनच ना! मूळपेशींचं काम चालू आहे, चालू द्या. पण तोवर — अहो, खांबाजवळचे आजोबा, तुम्हीच! मघापासून तुमची धाप ऐकतेय मी. सूनबाई, यांचा पंप कुठाय?