दुसरी सही

नोंदणी कार्यालयाच्या रांगेत शिंपीणकाकूंच्या पुढे एक बहीण-भाऊ होते. खिडकीतल्या कारकुनाने त्यांचा कागद परत सरकवला.

"मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, ताई. इथे एकट्या शेजाऱ्याची सही आहे."

"मग दुसरी आता घ्या ना! हा माझा भाऊ. तेव्हा तिथेच बसला होता."

"वडील हयात असताना, त्यांच्यासमोर करायची असते. आता नाही चालत. तुम्ही दोघंच वारस, म्हणजे घर निम्मं-निम्मं."

"ऐकलंस? अण्णा घर मला देत होते, आणि तू सही केली नाहीस!"

"अगं, चष्मा विसरलो होतो. न वाचता सही कशी करणार?"

"मी वाचून दाखवत होते की!"

"तसं नसतं गं ते."

"आठ वर्षं अण्णांचं हगणं-मुतणं मी काढलं. शेवटचे तीन आठवडे रोज विचारायचे, 'चष्मा घेऊन येतोय ना तो?'"

"हळू बोल. लोक बघतायत."

"बघू देत!"

"भांडण बाहेर करा. या अर्जामागे नियम छापलाय, वाचून घ्या."

भावाने अर्ज उलटा केला. ते मुंगीएवढं अक्षर काकूंना चष्म्यातूनही लागेना.

"'मृत्युपत्र करणाऱ्याच्या समक्ष किमान दोन साक्षीदारांनी सही करणे आवश्यक आहे.' बरोबर आहे गं यांचं."

"घडाघडा वाचलंस की रे! आणि आज चष्मा कुठंय तुझा?"