पहिल्याच रिंगला

फोनवरचा : आवाज थांबला ना, मॅडम?

मावशी : थांबला हो. केवढं बरं केलंत. पाळणाघर आहे माझं, पोरं आतल्या खोलीत झोपलीत. लॅपटॉप एकदम भोंग्यासारखा बोंबलायला लागला आणि मला तो बंद कसा करायचा तेच सुचेना. एक उठलं की सगळी उठतात.

फोनवरचा : कळतं मला. व्हायरस फार वाईट आहे. पडद्यावरच्या नंबरवर लगेच फोन केलात, शहाणपणा केलात. आता मी सांगितल्याशिवाय कशालाही हात लावू नका. मी इथून चालवतोय.

मावशी : पडद्यावरचा बाण आपला आपणच फिरतोय.

फोनवरचा : तो मीच. मघाशी ते छोटं ॲप टाकलंत ना, त्यातून. आता बँकेचं पान उघडा. चोर तिथवर पोचलाय का, ते बघू. आणि हे कोणाला सांगू नका, मॅडम. चोर तुमच्या ओळखीतलाही असू शकतो.

ताई : कोणाशी कुजबुजतेस गं?

मावशी : हळू बोल, ताई, फोन स्पीकरवर आहे. कंपनीतले साहेब आहेत. लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरलाय, तो काढतायत. कोणाला सांगू नका म्हणालेत.

ताई : कुठली कंपनी?

मावशी : लॅपटॉपचीच असणार. पडद्यावर मोठ्या अक्षरांत नंबर आला होता. बंद केलात तर सगळं पुसलं जाईल, असंही लिहिलं होतं. पोरांचे रोजचे फोटो आहेत गं त्यात, आईबापांना पाठवते ते.

ताई : आणि फोन लागला?

मावशी : पहिल्याच रिंगला.

ताई : आपला फ्रिज बंद पडला तेव्हा कंपनीला फोन लावून लावून बोटं झिजली आपली. तेच तेच गाणं ऐकून कान किटले. आणि हा पहिल्याच रिंगला उचलतो? ठेव तो फोन.

फोनवरचा : मॅडम, तुम्ही एकट्या आहात म्हणालात.

मावशी : माझी थोरली बहीण आहे हो. इथंच असते माझ्या मदतीला. आवाज आला का तिचा?

फोनवरचा : त्यांना म्हणावं, दारातून बाजूला व्हा. आणि हातातली दुधाची बाटली खाली ठेवा.

मावशी : ताई.

ताई : ऐकलं मी.

मावशी : ताई, त्याला बाटली दिसतेय.

ताई : पडद्याच्या वर बघ, बारीकसा दिवा लागलाय. तिथून बघतोय मेला.

मावशी : म्हणजे मघापासून आपल्याला बघतोय हा?

फोनवरचा : घाबरायचं काही कारण नाही. तुमच्या मोबाईलवर आत्ता एक कोड आलाय. तेवढा वाचून दाखवा, की मी गेलोच. नाहीतर हा फोल्डर आहे माझ्यासमोर. पोरांचे फोटो, खाली आईबापांचे नंबर. गोड आहेत पोरं.

ताई : एक आकडा वाचायचा नाही. फोन कट कर.

मावशी : त्यानं फोटो पुसले तर?

ताई : पुसू दे. कट कर म्हणते ना.

मावशी : केला. पण बाण फिरतोच आहे, ताई. फोन ठेवला तरी तो आत आहे.

ताई : थांब, प्लग काढते.

मावशी : काही उपयोग नाही, बॅटरीवर चालतो तो. बघ, एकेक फोटो उघडतोय. हा चिंगीचा, आज सकाळचा.

ताई : मग इंटरनेटचा डबा बंद कर.

मावशी : तो आतल्या खोलीत आहे. फळीवर, आपला भोपळ्या झोपलाय त्या पाळण्याच्या बरोब्बर वर.

ताई : मग जा ना आत. मी इथं लॅपटॉपचं बटण दाबून धरते, विझेपर्यंत.

(मावशी चवड्यांवर आत जाते. थोड्या वेळानं परत येते.)

मावशी : ओढली वायर. वायरीबरोबर डबाच खाली आला. पाळण्यात पडायचा, कसाबसा धरला. भोपळ्यानं नुसती कूस बदलली.

ताई : हेही विझलं. आता दुरुस्तीवाल्यानं साफ करून दिल्याशिवाय याला हात लावायचा नाही. तुझं बँकेचं कार्ड काढ. त्याच्या मागे नंबर छापलाय, तोच लाव. दुसरा कुठला शोधत बसू नकोस. आधी खातं बंद करायला सांग, मग बाकीचं.

मावशी : लावते. तू पोरांपाशी बस.

(बऱ्याच वेळानं मावशी फोन ठेवून ताईपाशी येते.)

ताई : झालं बोलून? किती वेळ लागला गं.

मावशी : दहादा थांबा म्हणाले, पण शेवटी केलं खातं बंद. सगळे पासवर्ड बदला म्हणाल्या बँकेतल्या बाई, पण या लॅपटॉपवरून नाही. पोलिसांतही तक्रार करायची आहे. काही गेलं नाही, ताई. सुटले बाई मी.

ताई : पैसे सुटले. फोटो आणि नंबर त्यानं घेतलेच असणार. आईबापांना सांगायला हवं.

मावशी : नको.

ताई : नको म्हणजे?

मावशी : कोण ठेवेल मग पोरं माझ्याकडे? इतकी वर्षं लोक डोळे मिटून सोडून जातात. कोणाला सांगू नकोस, ताई. पाया पडते तुझ्या.

ताई : तोही हेच म्हणत होता. कोणाला सांगू नका.

मावशी : मला भीती वाटते गं.

ताई : मलाही वाटते. तू चिंगीच्या आईला लाव. मी माझ्या मोबाईलवरून भोपळ्याच्या घरी लावते.

मावशी : हॅलो, चिंगीची आई? मावशी बोलतेय. चिंगी बरी आहे. आधी तेवढं ऐका.

चिंगीची आई : कुठल्या दवाखान्यात आहे?

मावशी : दवाखान्यात? नाही हो, इथंच आहे. झोपलीय.

चिंगीची आई : मावशी, आत्ता एकाचा फोन आला. पाळणाघरातून बोलतोय म्हणाला. चिंगी पडली, डोक्याला लागलंय, ताबडतोब पैसे भरा. तिचा फोटोही पाठवला, आज घातलेल्या पिवळ्या फ्रॉकमधला. तुमचा फोन सारखा बिझी. मी दुकान तसंच उघडं टाकून पळत सुटलेय.

मावशी : भरलेत पैसे?

चिंगीची आई : नाही. म्हटलं, मावशींचा आवाज ऐकल्याशिवाय काही करायचं नाही. खरं सांगा हं. खरंच झोपलीय ती?

मावशी : खरंच झोपलीय. चूक माझी आहे. त्याला मीच आत घेतलं, माझ्या हातानं. सगळं सांगते तुम्हाला. उद्यापासून चिंगीला पाठवलं नाहीत तरी माझं काही म्हणणं नाही.

चिंगीची आई : ते नंतर बघू. आधी फोन तिच्या नाकाशी धरा. मला तिचा श्वास ऐकू दे.

मावशी : धरला. येतोय का ऐकू?

चिंगीची आई : येतोय.

मावशी : काढू आता?

चिंगीची आई : नको. मी दाराशी येईपर्यंत तसाच धरा.