ड्रमावरचा देव

मुलांनो, डोळे मिटा. भोकरदनच्या बसस्टँडवर आपण बसलोय. मागच्या बाकावर धर्मराज, त्याची नात चंदी आणि दोस्त अजमतभाई.

“माझ्या तळ्यातले मासे मरून राह्यले, अजमतभाई.”

“तळ्यात येणारं पाणी गाळायला वाळू-कोळशाचा ड्रम बसवला व्हता ना?”

“झाकण उडू नये म्हणून वर दगड ठेवला. बायांनी त्याला शेंदूर फासला. आता रोज तेल वाहतात. ते झिरपून वाळू चिकटली, पाणी गाळलंच जात न्हाई.”

“मंग दगड उचल.”

“देव उचलू? गाव मला उचलंल.”

“देव आपल्या पायानं उठून गेला तर?”

“मेहेरबानी होईल. पण त्याला सांगणार कोण?”

चंदी उठली, पार पलीकडे बसलेल्या त्यांच्या गावच्या बायांपाशी गेली आणि म्हणाली, “मावशी, देव माझ्या सपनात आल्ता. तेलानं पाय घसरून राह्यले, मला लिंबाखाली न्या म्हणला.”