राजा मेंढ्याची आंघोळ

हॅलो?… हॅलो, कोण?… राणी व्हय? थांब, थांब जरा. फोन सटकतोय हातातनं… न्हाई गं, हात वले हायती… कशानं म्हंजे? पाण्यानं. माणसाचे हात आणि कशानं वले व्हत्यात?… हां, बोल आता. धरलाय घट्ट.

सांगलीवरनंच बोलतीस न्हवं?… आवाज कसा शेजारच्या परड्यातनं आल्यागत येतोय. आई बरी?… बाप?… बरं हाय मग.

कसला साबण?

हां, साबण. तू केलेला. हाय की… म्हंजे त्याचं असं हाय बघ… कोण येणार? विश्वजितची आई? वाईवरनं?… कवा?… ह्याच रविवारी?… अरारा… न्हाई, न्हाई, खोकला आला मला. थंडी लय हाय फलटणच्या बाजूला.

व्हय, ठावं हाय मला. लग्नाच्या बोलणीच्या दिवशी मी तिथंच बसलो हुतो की, तुझ्या हुणाऱ्या सासूच्या म्होरं. काय म्हणाली ती? ‘साबण दुकानात मिळतोय की, घरी कशाला करायचा? रिकामपणचे उद्योग.’ आणि तू म्हणालीस, पुढल्या खेपंला याल तवा माझ्या हातचा देते, लावून बघा, मग बोला. लय झ्याक बोललीस. मी तर मनात टाळी वाजवली… व्हय, व्हय. म्हणजे आता तो साबण पायजे. कळलं मला.

राणे, त्या साबणाचं काय झालं हे मी आता तुला सांगतो. पर एक ध्यानात ठेव, हे फलटणपासनं सांगलीपत्तर एका माणसाला खरं वाटायचं न्हाई. तुलाबी न्हाई वाटायचं. मला सोताला वाटत न्हाई, आणि मी तर डोळ्यानं बघितलंय…

वड्या हायत का न्हाई ते शेवटी येतं. गोष्टीला तोंड असतंय, शेपूट असतंय. तू आधीच शेपूट धरून वढतीस.

हो, हो… अगं ऐक ना. दिवाळीच्या सुट्टीत तू हितं आलीस. बरोबर? तुझ्या आईनं सांगलीच्या फ्लॅटात कॉस्टिक सोडा आणू दिला न्हाई, म्हणून आबाच्या परड्यात कारखाना मांडलास. मेंढीचं दूध घेतलंस, खोबरेल घेतलं, करडईचं तेल घेतलं, हळद घेतली. आजीचं कालवणाचं पातेलं घेतलंस, त्याबद्दल ती आजून बोलती. वर टाकलास तो वाळा. बरोबर? मग वड्या कापून सुपात मांडल्यास आणि मला बजावलंस, ‘आबा, महिनाभर हात लावायचा न्हाई. वल्या वडीनं कातडं भाजतंय.’… असंच म्हणाली हुतीस न्हवं?… मग? महिनाभर मी हात लावला न्हाई. महिन्याच्या पुढचं तू काय बोललीच न्हवतीस.

मी न्हवं गं. मी कशाला लावीन? राजानं संपवला.

राजा म्हंजे आपला राजा. मेंढा… न्हाई, न्हाई, कळपाबरोबर न्हाई गेला. कळप घेऊन तुझा चुलता नाथाजी गेला कोकणात, दरसाल जातोय तसा. पर औंदा राजाला मी घरी ठिवून घेतला. वय झालं त्याचं. घाट उतरताना गुडघं दुखत्यात… मेंढ्याला गुडघं नसत्यात व्हय? तुला-मला दोन, त्याला चार. दुप्पट दुखायचं की.

तर एक दिवस मी सूप उन्हाला ठिवत हुतो. तुझ्याच वड्यांच्या काळजीनं. तर त्यातली एक वडी घसरली ती थेट राजाच्या पाण्याच्या घमेल्यात. आता भिजलेली वडी काय सासूला देतीस? म्हणून मी ती राजाच्या पाठीवरनं फिरवली. कातरणीच्या आधी मेंढरं वढ्यात घालून धुतोयच की आपण. त्यात नवं काय न्हाई. नवं झालं ते त्याच्या पुढं.

फेस, राणे. आधी राजा दिसंना. मग परडं दिसंना. मग मला माझा हात दिसंना. वारं सुटलं आणि तो समदा फेस उचलून नेऊन टाकला डांबरी रस्त्यावर. तेवढ्यात फलटणची यष्टी आली. डायव्हरला वाटलं, धुकं पडलं. लाइटी लावल्या, हॉर्न वाजवला, आणि गाडी केली हुभी. कंडक्टर खाली उतरला तो गुडघाभर फेसात. म्हणला, आता थांबलोयच तर तोंडं धुवून घ्या. समद्या गाडीनं तोंडं धुतली. एका बाईनं तर लेकराचं डोकं धुतलं, फणी काढली, येणी घातली, मगच गाडी हलली… हसू नगंस. त्या यष्टीच्या काचा अशा लख्ख झाल्यात की पाखरं आरपार जायला बघत्यात आणि धडकत्यात.

एका वडीचा एवढा फेस कसा? आता हे मला इचारतीस? साबण मी केला का तू?… मग तुझीच हुशारी म्हणायची. मी तर कौतुकानं सांगतोय.

बरं, पुढं ऐक. लोकर वाळली. ती अशी मऊ झाली, अशी मऊ झाली, की साळुंकी आली आणि पाठीवर घरटं करून बसली. मी म्हणलं, बस बाई. दोन अंडी घातली. पिल्लं व्हऊन उडून जाईपत्तर मी राजाला कूस बदलू दिली न्हाई.

आणि तिथनं त्याला नाद लागला.

कसला म्हंजे? आंघोळीचा. सकाळी बंब पेटला की हा न्हाणीच्या दारात. तुझी आजी म्हणाली, थंडीचे दिस हायत, एकदा बास. पर ऐकतोय कुठं? दिवस कलला की पुन्हा दारात. आधी वडी नाकाला लावायची, डोळं मिटायचं, मग अंगाला लावायची. आणि संपत आलेली चकती टाकत न्हाई हां तो. नव्या वडीला चिकटवतो, दाबून, बोटानं…

कोण चिकटवतो? … मी. मी चिकटवतो, तो बघतो. बोटं त्याला कुठली? तू पण काय इचारतीस.

न्हाऊन झालं की जातो पारावर. वारं कुठनं येतंय ते बघतो आणि त्या अंगाला बसतो, म्हंजे वास समद्यांपत्तर पोचावा. केरू येतो बिडी वढत. त्याला म्हणतो, केरबा, जरा लांब बस गड्या, धूर लागतोय अंगाला… राजा म्हणतो… म्हंजे शिंगानं ढकलतो गं. अर्थ त्योच की.

तुला सांगतो राणे, केरू काय म्हणाला ठावं हाय? म्हणाला, ‘भाऊसो, उभ्या जन्मात पहिल्यांदा तुझ्या… तुझ्या मेंढ्याच्या शेजारी बसावंसं वाटतंय.’ पोरीच्या हाताला काय गुण हाय म्हणाला. आता बघ, आमी मेंढराची माणसं. यष्टीत बसलो की शेजारचा माणूस हळूच खिडकी उघडायचा. उघडून भागलं न्हाई की उठून म्हागं जायचा. मला काय त्याचं वाटायचं न्हाई. ऐसपैस जागा मिळायची. पर परवा दहिवडीला गेलो तर एक मास्तर शेजारी येऊन बसला. आपणहून. वर म्हणतोय कसा, ‘वाळ्याचा वास येतोय, बरं वाटलं…’

राजाचा वास गं. राजाचाच… यष्टीत न्हवता नेला. माझ्या धोतराला लागला हुता त्याचा. दिवसभर संगं असतोय न्हवं तो.

काय म्हणालो हुतो मी? कवा?… दिवाळीत?… व्हय, म्हणालो हुतो. ‘धनगराला साबण म्हंजे घोंगड्याला अत्तर’, असं म्हणालो हुतो. वजरीच्या दगडानं अंग घासलं की मळ निघतोय, मेलो तरी ही वडी अंगाला लावायचो न्हाई, असंबी म्हणालो हुतो. समद्यांच्या म्होरं म्हणालो हुतो. मग? शब्द म्हंजे शब्द. म्हणून तर मेंढ्याला लावला.

हॅलो?… राणे?… नाक का वढतीस गं?

अगं, अगं… रडू नगंस… मला काय ठावं हुतं, रविवारीच येणार ती बाई… व्हय, तुझं बरोबर हाय. चार माणसांत रिकामपणचे उद्योग म्हणाली. तू शब्द देऊन बसलीस. आता रविवारी ती इचारणार, कुठाय तुझा साबण, आणि तू काय सांगणार, मेंढ्यानं लावला? … न्हाई, ते सांगू नगंस. लग्न मोडंल.

नवा कर की… महिनाभर वाळवाया लागतोय. व्हय. इसरलोच. मग दुकानातला आण, कागद काढ, सुरीनं कडा जरा वाकड्यातिकड्या काप… न्हाई, न्हाई, तसं नगं. तुझं खरं हाय. लबाडी वाईट. आपल्या घरात कुणी केली न्हाई.

मी सोता येऊ का?… येतो. राजाला घिऊन येतो सांगलीला. तुझ्या सासूम्होरं हुभा करतो, म्हणतो, ताई, साबण संपला, पर साबणाचं काम हे असं. हुंगा… बरं, न्हाई येत. रागावू नगंस.

ऐक, ऐक. एक हाय. एक वडी हाय, राणे. आत्ता हितंच हाय, माझ्या… ह्या दगडावर. तीच देऊ की… जरा झिजलीया. म्हंजे मधनं. कडंला चांगली हाय. कागदात गुंडाळली की कळायचं न्हाई… थांब, एक केस चिकटलाय तेवढा काढतो… राजाचाच. दुसरा कुणाचा असणार?… पांढरा हाय.

राजा काळा?

कोण म्हणतं?… व्हय, काळाच हाय तो. कपाळावर चांदबी न्हाई. बरोबर हाय तुझं… पर म्हातारपणी पिकत्यात की गं. मेंढ्याचंबी पिकत्यात. चिंतेनं पिकत्यात…

कसली चिंता? साबण संपत आल्याची.

थांब जरा, तुझी आजी आली… काय गं?… कुणाचा न्हाई फोन. राँग नंबर हाय… तू चुलीकडं बघ, भाकर करपंल… अगं बया, न्हाई म्हणतोय न्हवं… अगं वढू नगंस, हात निसरडे हायत, पडंल फोन…

हॅलो, राणी? मी आजी… हां. जेवलीस का?… आवाज असा का गं, सर्दी झाली?… रविवारचं? ते मला ठावं हाय, तुझ्या आईनं सांगितलंय. तू जिवाला लावून घेऊ नगंस. ह्या माणसाचा डोळा सुपावर फिरायला लागला तवाच मी निम्म्या वड्या उचलल्या आणि ट्रंकेत ठिवल्या, माझ्या लुगड्यांच्या घडीत. कडकडीत वाळल्यात. लुगड्यांना वास असा लागलाय की आता नेसावी का हुंगावी कळंना. शेजारचा पप्पू शनिवारी सांगलीला येणार हाय, त्याच्यासंगं धाडते. तुझ्या सासूला म्हणावं, आधी लावा, मग बोला.

काय?… मेंढ्यानं?… कुठल्या मेंढ्यानं गं?… राजानं?

अगं, राजा दिवाळी झाल्यावर नाथाजीबरोबर गेलाय की कोकणात. समद्या कळपाच्या म्होरं हुता. आता ह्या परड्यात एक कोंबडी सोडली तर कोण न्हाई… साळुंकी?… समद्या यष्टीनं?… पारावर जाऊन बसतोय म्हणाले? दिवसातनं दोनदा आंघोळ?… बरं. बरं. आता कळलं मला.

आवं, तोंड फिरवून काय हुभं ऱ्हायलासा? तिला काय फोनमधनं दिसत न्हाई.

राणी, ऐक. तुझा मेंढा हितं माझ्याम्होरं हुभा हाय. टॉवेल गुंडाळून. कानाम्हागं फेस तसाच हाय… व्हय, आजची दुसरी आंघोळ. ठिवते मी आता. त्याला पाठ चोळून द्यायची ऱ्हायलीया.