पिस्ता रंगाची ऊब

...नाही, तुम्हीच सांगा, थर्माकोल म्हणजे असं काय मोठं हो? टीव्हीच्या खोक्यातून निघतो तोच ना? मग तोच थंडी अडवायला भिंतीला बाहेरून चिकटवला, वर गिलावा फासला, पिवळा रंग दिला, की माणसाने एवढी छाती काढून चालायचं? आमचा शेजारी झाहारी, रिटायर्ड बस ड्रायव्हर, चौथा मजला, भिंतीला भिंत! तीस वर्षं आम्ही एकाच सिमेंटच्या खोक्यात बरोबरीने काकडलो. आणि परवाच्या शरदात या गृहस्थाने एकट्याने, आपल्या बैठकीपुरता, थर्माकोल लावून घेतला! अख्खी इमारत राखाडी आणि मध्ये याचा पिवळा चौकोन... सदऱ्याला ठिगळ! मी काही जळत नाही हां. मला काय करायचंय?

पण हा माणूस जानेवारीत, अहो बल्गेरियातल्या आमच्या पेर्निकच्या जानेवारीत, बनियनवर दार उघडतो! मुद्दाम! मी कोट, टोपी, दोन-दोन मोजे घालून उभा, आणि हा नाकातून म्हणतो, "ये रे मिंको, उकडतंय नाही आज?" उकडतंय! वर आमची रुस्का, माझी बायको, रोज चार वाजले की विणकाम घेऊन तिकडे. "कुठे निघालीस गं?" "झाहारीकडे. इथे बोटं वळत नाहीत." "आणि मी?" "तू आणखी एक मोजा घाल." चाळीस वर्षांचा संसार हो! माझा स्वेटर त्याच्या सोफ्यावर बसून विणते! आणि तो विधुर, बानित्सा स्वतः भाजतो, गरम गरम, चीज भरून... मी काही जळत नाही हां. जळलो असतो तर निदान घरात ऊब तरी आली असती!

मग मी काय केलं? फटी शोधल्या. पेटती मेणबत्ती खिडकीच्या कडेकडेने फिरवायची, ज्योत हलली की तिथे फट. तुम्हाला सांगतो, ज्योत हलली नाही अशी जागाच नव्हती! नऊ रिळं चिकटपट्टी लावली, वर फोम मारला. रुस्का म्हणते, "अरे, आता खिडकी उघडायची कशी?" म्हटलं, "मे महिन्यात बघू." मे आला, जून गेला, पट्टी निघेल तर शपथ! वारा थांबला, कबूल, पण भिंत? ती बर्फच. आणि रुस्का? तिकडेच.

शेवटी म्हटलं, होऊन जाऊ दे. दोरवाल्याला बोलावलं. गच्चीवरून दोराला लटकत खाली येतात ना, ते. रंग मी निवडला पिस्ता. का? तर पिवळ्याशेजारी पिस्ता आला की झाहारीचा पिवळा आजारी दिसला पाहिजे! कामाच्या दिवशी, ऑक्टोबरात, मी गेलो गावी, बहीण दिमित्रिनाच्या नामदिनाला, म्हणजे तिच्या नावाच्या संताच्या सणाला. जायलाच हवं होतं का? नको हो, नको होतं!

बिसेर नावाचा तो दोरवाला आमच्या खिडकीसमोर लटकला आणि कागद काचेला लावून दाखवला. 'मिंको, चौथा मजला.' हेच ना घर? रुस्का आतून ओरडली, पण जिथे हवा जात नाही तिथून आवाज काय जाणार! मग तिने मान हलवली. आडवी. आमच्या बल्गेरियात आडवी मान म्हणजे हो आणि उभी म्हणजे नाही, शेंबड्या पोरालाही कळतं! पण हा पठ्ठ्या बारा वर्षं जर्मनीत राहून आलेला, तिथे सगळं उलटं. त्याला वाटलं, नाही म्हणतेय. सॉरी काकू, असा हात केला आणि गेला झोका घेत झाहारीच्या बेडरूमकडे. तिथेही कागद. झाहारीची नवी खिडकी, तीही घट्ट! झाहारीने मान हलवली वर-खाली. म्हणजे नाही! प्रामाणिकपणे नाही! आणि निघून गेला मासे धरायला. झालं. बिसेर खूश, ड्रिल सुरू. रुस्का घरात चहा पीत बसलेली, ड्रिलचा आवाज काय, अख्ख्या इमारतीत सारखाच. तिला वाटलं आपलंच चाललंय!

संध्याकाळी मी कोपऱ्यावरून वर बघतो तो काय... पिस्ता! माझा पिस्ता! पिवळ्याच्या डाव्या बाजूला. आणि मी राहतो उजव्या बाजूला.

बिसेर म्हणतो, "मिंकोकाका, आता काढला तर नुसता भुगा होईल. तुमचा पुढच्या वर्षी लावतो फुकट, आता थंडी पडली, गोंद धरत नाही." पुढच्या वर्षी! तेवढ्यात झाहारी आला, हातात बानित्सा, तोंड एवढंसं. "मिंको, आईशप्पथ, मी नाहीच म्हणालो होतो रे!" म्हटलं, "माहितीय मला, म्हणून तर हे झालं!" तर कसानुसा होऊन म्हणतो, "मग हिवाळाभर माझ्याकडेच बसा ना दोघं. बेडरूममध्ये बसू. भिंत तुझीच आहे."

तेव्हापासून रोज चार वाजता मीही जातो. नाहीतर काय करू? रुस्का विणते, झाहारी राकिया, आमची फळांची दारू, ओततो, मी पिस्ता भिंतीला पाठ लावून बसतो. बनियनवर. काय गरम होतं हो तिथे! आणि झाहारी डोळे मिचकावत विचारतो, "काय मिंको, अजून जळतोस का रे?" छे! एवढा घामाने भिजलेला माणूस पेटणार तरी कसा?