दोन बोटांचा ळ

माहेर माझं इथलंच, शिंदे की छावनी मोहल्ल्यातलं. आजे-पणजे फौजेत होते म्हणतात, वडिलांपर्यंत येता येता नुसत्या मिशा उरल्या. लग्न झालं पेंटरशी. पेंटर म्हणजे दुकानांच्या पाट्या लिहिणारे, चित्रंबित्रं नाही. सासूबाईंनी दुसऱ्याच आठवड्यात ब्रश हातात दिला, म्हणाल्या, तो रेघा मारील, तू आत रंग भर. तर काय सांगू तुम्हाला, सगळा जन्म मी आतच भरत बसले.

आमच्या ह्यांचं अक्षर नई सडकेवर कुणीही ओळखायचं. नखरे नाहीत, शेपट्या नाहीत, पट्टीनं सरळ रेघ अन् वाटी उपडी घालून गोल, आणि जाडी सगळीकडे एकसारखी, ह्यांची दोन बोटं. दुकानदार म्हणायचे, बाबूजी, मोटा लिखो, टेंपो में बैठा आदमी भी पढ ले. कुठं जरा बारीक झालेलं ह्यांना खपायचं नाही, दोन बोटं म्हणजे दोन बोटं, त्यावरून मी कितीदा बोलणी खाल्लीत.

मग फ्लेक्स आले, पाट्या एकेक उतरल्या, ह्यांचा हातही कापायला लागला. आमची मुलगी मुग्धा कंप्यूटरवर डिझाइनचं काम करते. ती म्हणाली, बाबा, उरल्यात त्या पाट्यांचे फोटो काढते, तुमच्या अक्षराचा फॉन्ट करू, नाव ठेवू पिंगळे. हे इतके खूश, की दोन दिवस भाजीला नाव ठेवलं नाही. सगळी अक्षरं सापडली, ळ तेवढा सापडेना. इथं हिंदी मुलखात ळ कुणाला लागतो, आणि ह्यांची सही कोपऱ्यात नेहमी बाबू पेंटर. मतलब सगळ्या लश्कर बाजारातल्या दुकानांची नावं लिहिली, आपलंच आडनाव लिहिलं नव्हतं.

बसले मग ळ काढायला. पण दोन बोटं जाडी घेतली की गोलांच्या आतली भोकं बुजायची, नुसता काळा लाडू व्हायचा. आठ दिवस कागद फाडले, शेवटी म्हणाले, राहू दे, नकोच तो फॉन्ट. मुग्धाचा चेहरा एवढासा झाला. मला राहवेना. म्हटलं, द्या इकडे. वाटी घेतली, गोल ह्यांच्यासारखेच काढले, फक्त जिथं ते एकमेकांना भिडतात तिथं आतून थोडं बारीक केलं, आणि ळनं दोन्ही डोळे उघडले.

हे म्हणाले, कुठं शिकलीस हे? मी वाटी पुसायला घेतली. तर मुग्धा म्हणते, बाबा, तुमच्या सगळ्याच पाट्यांत जोडावर असं बारीक आहे, मला वाटलं तुमचीच युक्ती. झालं, सांगावंच लागलं. रंग भरताना जोडावर मीच कमी भरायचे, नाहीतर लांबून नुसता डाग दिसतो. पण तेव्हा बोलले असते तर ह्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. हे आधी लाल झाले, मग इतके हसले की ठसका लागला. म्हणाले, जन्मभर माझी दोन बोटं कापलीस की गं तू. मीपण हसले, इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

आता सराफ्यात एका दुकानावर ते अक्षर लागलंय, मी मुद्दाम तिकडून जाते. आमच्या दारावरही पहिल्यांदा पाटी लागली, पिंगळे, मुग्धानं करून आणलेली. कोपऱ्यात सही मात्र ह्यांनी ब्रशनं केली, बाबू पेंटर, अन् त्याखाली शैला. माझं नाव चांगलंच हललंय. म्हटलं, द्या ब्रश, नीट करते. म्हणाले, ह्याला हात लावायचा नाही. मग नाही लावला.